‘सावकारी पाश’ : पडलेल्या चित्रपटाची शंभर वर्षं

१९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट काढला. पडद्यावर तेव्हा कृष्ण, कीचक, सावित्री, तानाजी यांची सद्दी होती. अशा दिवसांत बाबूराव पेंटर यांनी एका कर्जबाजारी शेतकऱ्याची गोष्ट निवडली आणि ती कसलंही सोनेरी वेष्टन न लावता सांगितली. चित्रपट चालला नाही. पुढं त्याची प्रतही गेली, आणि ती गेल्यानंतर मात्र चित्रपटाच्या इतिहासकारांनी त्याला भारतातल्या वास्तववादी चित्रपटांच्या पहिल्या पंगतीत बसवलं. दिसत होता तोवर त्याला कुणी विचारलं नाही, आणि मान मिळाला तेव्हा तो पाहण्याची सोय उरली नव्हती. वाशिम जिल्ह्यातल्या वाचकाला या चित्रपटाची नीट ओळख असायला हवी असं मला मनापासून वाटतं. त्यातली गोष्ट या मातीत आजही खरी आहे.

गोष्ट काय होती

एक तरुण शेतकरी. सावकाराच्या तावडीत सापडतो, फसवला जातो, जमीन गमावतो. गावात पोट भरत नाही म्हणून शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो. शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांताराम यांनी. पुढं ‘माणूस’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ काढणारे शांताराम तेव्हा चोविशीच्या आतबाहेर होते आणि कंपनीत पडेल ते काम करत शिकत होते. झुंझारराव पवार, कमलादेवी, केशवराव धायबर हे कंपनीतलेच इतर कलावंत चित्रपटात होते.

कथा होती नारायण हरी आपटे यांची. साताऱ्याजवळच्या कोरेगावात राहून लिहिणारे आपटे त्या काळी घराघरांत वाचले जात. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) ज्या कादंबरीवर निघाला ती ‘न पटणारी गोष्ट’ त्यांचीच, आणि ‘अमृतमंथन’च्या (१९३४) मुळाशी असलेली ‘भाग्यश्री’ही त्यांचीच. खेड्यात राहणारा लेखक सावकारीवर लिहितो तेव्हा त्याला माहिती गोळा करायला कुठं जावं लागत नाही.

वाशिममधून या चित्रपटाकडं पाहताना

चित्रपट निघाला त्या वर्षी वाशिम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. त्याआधी तो वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता, इंग्रजी दप्तरात त्याचं नाव ‘बासीम’ असं लिहीत. १९०५ साली तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला. पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे आजचे सहा तालुके. पैनगंगेच्या काठचा काही भाग सोडला तर शेती बहुतेक कोरडवाहू. पूर्वी कापूस आणि ज्वारी, आता सोयाबीन आणि तूर.

या भागातल्या कर्जाचा इतिहास कापसापासून सुरू होतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इंग्रजांनी वऱ्हाडाकडं नजर वळवली. त्याच दशकात अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा आगगाडीचा रस्ता तयार झाला. पुढं मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून धावू लागली, जिला लोक आजही ‘शकुंतला’ म्हणतात. रूई बाहेर जाण्याची सोय झाली आणि नगदी पिकाबरोबर नगदी कर्जही आलं. सारा रोख भरायचा, बियाणं रोख घ्यायचं, आणि भाव कुठं तरी सातासमुद्रापलीकडं ठरायचा. मधला सगळा काळ काढायला पैसे देणारा एकच माणूस गावात होता. वर्‍हाडात रयतवारी पद्धत होती, म्हणजे जमीन शेतकऱ्याच्या नावावर होती आणि ती विकता येत होती. म्हणूनच ती सावकाराला घेताही येत होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दोन दुष्काळांनी उरलीसुरली कंबर मोडली.

पश्चिम महाराष्ट्रात याच दुखण्याचा उद्रेक आधी झाला होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर धाव घेतली. पुढचे काही आठवडे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी तेच झालं. जाळायला त्यांनी वह्या, खतं, रोखे शोधून काढले. दुखणं कागदात आहे हे न वाचता येणाऱ्या माणसानं अचूक ओळखलं होतं. सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. रोख्यावर आकडा काहीही असो, मुळात किती पैसे दिले होते हे तपासायचा अधिकार न्यायालयाला त्यानं दिला. पण तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या मुंबई इलाख्यातल्या चार जिल्ह्यांसाठी होता. वऱ्हाड त्यात नव्हतं.

म्हणून ‘सावकारी पाश’मधला शेतकरी कोल्हापूरच्या स्टुडिओत उभा राहिला असला, तरी त्याची वाट बासीमच्या शेतकऱ्याचीही वाट होती. फरक इतकाच, की इथल्या माणसाचा कापूस त्याच्या आधीच मुंबईच्या गिरणीत पोचलेला असे.

बाबूराव पेंटर आणि त्यांचा कॅमेरा

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घरात सुतारकाम, शिल्पकाम, चित्रकला सगळंच होतं. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे दोघं संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्या पडद्यांची ख्याती अशी, की आडनाव मागं पडून दोघांना ‘पेंटर’ हेच नाव चिकटलं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पाहिल्यावर दोघांच्या डोक्यात एकच वेड शिरलं. मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, चित्रपट दाखवायला लागले आणि तो खोलून, जोडून, समजून घेत स्वतःचा कॅमेरा बनवायला बसले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीनं काम पुढं नेलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू लागला. परदेशातून यंत्र मागवायला पैसा नव्हता, म्हणून कोल्हापुरातच लेथवर सुटे भाग घडवले गेले.

कंपनी उभी राहिली ती तानीबाई कागलकर या गायिकेनं दिलेल्या पैशावर. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मराठी चित्रपटाचा पाया उसनवारीवर उभा आहे. फाळक्यांनीही आपली विमा पॉलिसी गहाण ठेवून सुरुवात केली होती. पैसे उसने घेणं म्हणजे काय आणि देणाऱ्याची वेळ कशी सांभाळावी लागते, हे या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यात स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली होती, आणि तेव्हा ते धाडसच होतं. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की त्यावर कात्री चालली. चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं असं सांगितलं जातं. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ला लंडनजवळच्या वेंब्ली प्रदर्शनात पदक मिळालं, आणि त्याचं पोस्टर आज शिल्लक असलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुनं मानलं जातं.

म्हणजे १९२५ साल उजाडलं तेव्हा बाबूरावांच्या हाती यश होतं, नाव होतं आणि चालत आलेला हमखास रस्ता होता. अशा ऐन भरात त्यांनी सावकाराची गोष्ट निवडली. पडेल चित्रपटावर पडेल चित्रपट काढणाऱ्या माणसानं केलेला हा प्रयोग नव्हता. भरल्या ताटावरून उठून त्यांनी तो केला.

कागदाचा खेळ

सावकारीची यंत्रणा कशी चालते हे कळल्याशिवाय या चित्रपटाचं मोल कळत नाही. म्हणून थोडं सविस्तर.

गहाणखत ही साधी गोष्ट आहे. जमीन तारण, पैसे फेडले की तारण सुटलं. पण गहाणखतात सावकाराला वाट पाहावी लागते, कोर्टात जावं लागतं. त्यापेक्षा सोपी युक्ती जुन्या काळापासून चालत आली आहे. तिला लोक मुदतखरेदी म्हणतात. शेतकऱ्याला मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे हवे असतात. सावकार कर्जाचा कागद करतच नाही. तो सरळ खरेदीखत करून मागतो. नोंदणी कार्यालयात शेतकरी सही करतो किंवा अंगठा देतो. तोंडी बोली अशी असते की अमुक वर्षांत मुद्दल आणि व्याज दिलं की शेत परत फिरवून देऊ. कधी ही बोली एखाद्या वेगळ्या कागदावर असते, बहुतेकदा कुठंच नसते. मग फेरफार होतो, सातबाऱ्यावर सावकाराचं किंवा त्याच्या एखाद्या पाहुण्याचं नाव चढतं, आणि मूळ मालक आपल्याच शेतात बटईनं राबू लागतो. पुढं पैसे घेऊन तो परत गेला की उत्तर मिळतं, कसलं कर्ज, मी तर शेत विकत घेतलं आहे. कायद्याच्या नजरेत कागद सावकाराच्या बाजूनं बोलत असतो.

व्याजाचं गणितही तसंच. समजा शेकडा पाच रुपये महिना. ऐकायला पाच हा आकडा लहान वाटतो. वर्षाचे होतात साठ टक्के. दाण्याच्या व्यवहारात सवाई आणि दिढी. पेरणीला एक पोतं घेतलं तर सुगीत सव्वा किंवा दीड पोतं द्यायचं, आणि मधला काळ असतो पाच-सहा महिन्यांचा.

आता याच्या शेजारी मूकपट ठेवून पाहा. मूकपटात बोलणं नसे, दोन दृश्यांच्या मधे अक्षरांच्या पाट्या येत. अनेकदा एकच पाटी दोन-तीन भाषांत असे. थिएटरात ज्यांना वाचता येई ते मोठ्यानं वाचत आणि बाकीचे ऐकत. वहीतल्या अक्षरांनी बुडालेल्या माणसाची गोष्ट त्याच्यासारख्याच निरक्षर माणसाला पडद्यावरच्या अक्षरांतून सांगायची, ही ‘सावकारी पाश’ची पहिली अडचण होती. पौराणिक चित्रपटाला ती अडचण नव्हती. द्रौपदी कोण आणि कीचक कोण हे सांगायला पाटी लागत नाही, कीर्तनातून आणि पोथीतून ते आधीच घरी आलेलं असतं. नव्या गोष्टीला मात्र अक्षरांचा आधार लागतो.

चित्रपट पडला तो का

नेहमी दिलं जाणारं कारण असं की प्रेक्षकांना पुराणकथांची आणि ऐतिहासिक शौर्याची सवय झाली होती, एवढं कठोर वास्तव त्यांना पचलं नाही. हे खरं आहे, पण अर्धंच.

मला दुसरी दोन कारणं जास्त पटतात. पहिलं म्हणजे तिकीट काढणारा कोण होता. १९२५ साली कायमची थिएटरं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांत होती. खेड्यात चित्रपट पोचायचा तो जत्रेच्या तंबूतून. शहरातला प्रेक्षक वकील, कारकून, दुकानदार, गिरणी कामगार असा मिश्र होता. त्यातल्या पहिल्या तिघांपैकी कित्येकांच्या घरी थोडीफार सावकारी चालत असे. गावाकडची जमीन बटईनं देणं आणि गरजवंताला पैसे लावणं हा तेव्हा प्रतिष्ठित व्यवहार होता. अशा माणसाला पडद्यावर सावकार खलनायक म्हणून पाहायचं निमंत्रण मिळालं तर तो कशाला जाईल? आणि गिरणी कामगार तर स्वतःच ती गोष्ट जगून आलेला. दिवसभर साच्यावर उभं राहून संध्याकाळी दोन आणे मोजायचे ते पुन्हा आपलंच गहाण पडलेलं शेत पाहायला का, असं त्याला वाटलं असेल तर त्याला दोष देता येत नाही.

दुसरं कारण तंबूचं. जत्रेत माणूस येतो तो देवाच्या पायाशी. तिथं तंबूवाला कृष्णाचा किंवा हनुमानाचा चित्रपट लावणार, कारण तो दर वर्षी चालतो. एकदा प्रत विकत किंवा भाड्यानं घेतली की ती गावोगाव फिरवून पैसे वसूल करायचे. पडेल ठरलेला सामाजिक चित्रपट कोण फिरवेल? त्यामुळं ज्या माणसांसाठी ही गोष्ट होती त्यांच्यापर्यंत ती पोचण्याची वाटच बंद झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला लाखोंनी माणसं येतात, बंजारा समाजाचं ते मोठं पीठ आहे. अशा गर्दीपुढं ‘सावकारी पाश’ लागता तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. प्रेक्षकांनी चित्रपट नाकारला असं म्हणताना कोणत्या प्रेक्षकांनी, हे विचारायलाच हवं.

बाबूराव यानंतर पोशाखी, पौराणिक चित्रपटांकडं परतले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलावर त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. जुन्या कंपनीचा कणाच निघून गेला. काही वर्षांतच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली.

पुन्हा तीच गोष्ट, आवाजासह

१९३६ साली बाबूरावांनी कोल्हापूरच्याच शालिनी सिनेटोनसाठी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी बोलपट. पडलेला चित्रपट अकरा वर्षांनी परत काढणारा दिग्दर्शक त्या विषयावर किती जीव टाकत होता हे यातून कळतं.

मधल्या काळात जग बदललं होतं. १९२९ च्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. रोख्यावरचा आकडा तोच राहिला आणि तो फेडायला दुप्पट कापूस लागू लागला. मध्यप्रांत सरकारनं १९३३ साली कर्जतडजोडीचा कायदा केला, पुढं १९३९ साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी ऋणनिवारणाचा कायदा आला. सावकारी हा आता उघड बोलण्याचा विषय झाला होता.

पण बोलपट निघाला त्याच वर्षी, १९३६ साली, प्रभातचा ‘संत तुकाराम’ही आला. मुंबईत एकाच थिएटरात तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक होते दामले आणि फत्तेलाल, म्हणजे बाबूरावांचेच शिष्य. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही आठवण वारकऱ्यांत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. खतं बुडवणारा संत महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. खतांत बुडणारा शेतकरी मात्र त्याच्या सावलीत झाकला गेला.

काळोखातली झोपडी

‘सावकारी पाश’च्या बोलपटातल्या एका दृश्याबद्दल निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी लिहून ठेवलं आहे. दुरून घेतलेलं एका उदास झोपडीचं चित्र. प्रकाश अगदी मंद, जवळजवळ काळोखच. आणि ऐकू येतं ते फक्त एका कुत्र्याचं रडणं. वाडिया सांगतात की मूकपट त्यांना पुसटसा आठवत होता, पण बोलपट पाहिला तेव्हा बाबूराव केवढे मोठे कलावंत आहेत हे कळलं, आणि ते दृश्य आठवलं की आजही भान हरपतं.

वाडिया म्हणजे ‘हंटरवाली’ काढणारे, घोडदौडीच्या आणि चाबकाच्या चित्रपटांचे बादशहा. अशा माणसाला एक निश्चल झोपडी आयुष्यभर आठवत राहावी, हे या चित्रपटाच्या बाजूचं सर्वांत वजनदार मत आहे असं मी समजतो.

त्या दृश्यात काय काय जमून आलं आहे पाहा. बोलपट नवा होता, आणि बहुतेक जण त्यात गाणी व संवाद कोंबत होते. बाबूरावांनी आवाजाचा उपयोग शांतता दाखवायला केला. रात्री गावात कुत्रं रडलं की घरातली म्हातारी माणसं अस्वस्थ होतात, कुणाचं तरी काही होणार म्हणतात. वऱ्हाडात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणूस दाखवला नाही, सावकार दाखवला नाही, रडारड नाही. आणि प्रकाश? तो पडदे रंगवणाऱ्या हातानं बसवलेला. उजेड कुठं टाकायचा याच्याइतकंच तो कुठं टाकायचा नाही हे चित्रकाराला कळतं.

प्रत गेली

१९२५ च्या मूकपटाची प्रत आज नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी आणि ठेवली तर आपोआप कुजणारी. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजार उरला नाही आणि अनेक रिळं त्यातली चांदी काढून घेण्यासाठी भंगारात विकली गेली. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तिसेक उरले आहेत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. तोवर बहुतेकांचा निकाल लागला होता. बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ (दोन्ही १९२७) यांचे काही भाग वाचले.

देवाधर्माचे चित्रपट थोडे तरी टिकले आणि सावकाराचा गेला, याला मी केवळ योगायोग मानत नाही. जे चालतं त्याच्या जास्त प्रती निघतात, ते जास्त वर्षं फिरतं, म्हणून त्याचा एखादा तुकडा कुठं तरी सापडतो. पडेल चित्रपटाची प्रत जपायला कुणाला कारण नसतं.

नंतर याच वाटेवर आलेले

‘दो बिघा जमीन’ सगळ्यांना माहीत आहे. बिमल रॉय यांचा १९५३ चा चित्रपट. जमीन वाचवायला कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शंभू, बलराज साहनींनी उभा केलेला. त्याला १९५४ साली कानच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. जमीन जाते आणि शेतकरी शहरात मजूर होतो, ही त्याची चौकट ‘सावकारी पाश’नं अठ्ठावीस वर्षं आधी मांडली होती. बिमलदांचं मोठेपण यानं कमी होत नाही. पण मराठी माणसानं आपला चित्रपट विसरून दुसऱ्याचा पहिला म्हणून सांगावा, हे मात्र खटकतं.

आपल्या शेजारचा चित्रपट म्हणजे सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). विदर्भातलं कापसाचं शेत, वऱ्हाडी बोली, गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. शेजारच्या माणसानं जीव दिल्यानंतर नवऱ्याला एक क्षण एकटं न सोडणारी बायको त्यात आहे. परदेशातल्या महोत्सवांत त्याची वाखाणणी झाली. तो आला त्याच्या तीनच वर्षं आधी, १ जुलै २००६ रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं होतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा आणि वाशिम हे ते सहा जिल्हे.

कायदा आज काय म्हणतो

चित्रपटाच्या लेखात कायदा कशाला, असं कुणी म्हणेल. पण बाबूरावांनी ज्या कागदावर बोट ठेवलं त्याचं उत्तर यायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली, म्हणून सांगतो.

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात कलम १८ आहे. सावकारीच्या व्यवहारात विक्री, गहाण, भाडेपट्टा किंवा अदलाबदल अशा कोणत्याही नावाखाली जमीन सावकाराकडं गेली असेल, तर अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतल्या व्यवहाराची चौकशी जिल्हा निबंधक करू शकतो. जिल्हा निबंधक म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक. व्यवहार खरेदीचा नसून कर्जाचा होता हे पटलं, तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढता येतो. मुदतखरेदीची पळवाट थेट बुजवणारं हे कलम आहे. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हे दामदुपटीचं जुनं तत्त्वही कायद्यात आहे. परवाना नसताना सावकारी करणं हा तर गुन्हाच.

अर्ज करणाऱ्याच्या हाती बहुधा एवढंच असतं : पैसे घेतल्याची एखादी चिठ्ठी, खरेदीखताची नक्कल, जमीन तेव्हाच्या बाजारभावापेक्षा फार कमी किमतीला गेल्याचा पुरावा, आणि खरेदी होऊनही शेत आपणच वाहत होतो हे सांगणारे शेजारी. यातलं काहीही क्षुल्लक समजून फेकू नये. निर्णय याच गोष्टींवर फिरतो.

वाशिममध्ये दाखवायचं झालं तर

मूळ चित्रपट दाखवता येणार नाही. पण एखाद्या महाविद्यालयानं किंवा वाचनालयानं ठरवलं तर त्याच्याभोवतीचा एक चांगला कार्यक्रम सहज उभा राहील. आधी बाबूरावांचा प्रकाश आणि रचना कळावी म्हणून ‘मुरलीवाला’चे उरलेले भाग, त्यासाठी पुण्याच्या संग्रहालयाकडं रीतसर विचारणा करावी. मग ‘दो बिघा जमीन’. मग ‘गाभ्रीचा पाऊस’, आणि तो संपल्यावर लगेच दिवे लावून घरी न जाता तालुक्याच्या सहायक निबंधकांना बोलावून कलम १८ वर तासभर प्रश्नोत्तरं. कार्यक्रम सुगीनंतरचा ठेवावा, नोव्हेंबरच्या अखेरीस. सोयाबीन घरात आलेलं असतं, उधारीचे हिशेब नेमके तेव्हाच चाललेले असतात, आणि मालेगाव-मानोऱ्याच्या माणसाला एखादी संध्याकाळ काढता येते. प्रवेश फुकट असावा आणि पाट्या वाचायला कुणी तरी मोठ्या आवाजाचा माणूस पुढं बसवावा, मूकपटाच्या वेळी बसत असे तसा.